उन्हाचे पीक, पाताळातले पाणी

डिसेंबर 2024 च्या अखेरीस जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगड परिसरात एका शेतात बोअर घेताना जमिनीतून पाण्याचा लोट उसळला. खड्डा रुंदावत गेला आणि बोअर घेणारे यंत्र गाडीसकट त्यात गडप झाले. दोन दिवस पाणी थांबेना. लुप्त झालेली सरस्वती प्रकटली, अशी चर्चा देशभर सुरू झाली. भूजलाच्या अभ्यासकांनी दिलेले स्पष्टीकरण साधे होते : चिकणमातीच्या जाड थराखाली वालुकाश्मात दाबाने कोंडलेले फार जुने पाणी, थराला भोक पडताच, वर आले. भाभा अणुसंशोधन केंद्राने जैसलमेर भागातल्या खोल भूजलाचे समस्थानिकांच्या साहाय्याने वय काढले, तेव्हा तिथले काही पाणी हजारो वर्षांपूर्वीचे असल्याचे दिसले होते. वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात असे पाणी पुन्हा भरून येण्याची वाट कोणी पाहू नये. ती पूर्वजांनी ठेवलेली ठेव आहे, तिच्यावर व्याज नाही. काढली तेवढी कमी झाली.

याच वाळवंटाकडे आज देश विजेसाठी पाहतो आहे. राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने पडीक जमिनीचा तीन टक्के भाग हिशेबात धरून भारताची सौरक्षमता सुमारे 749 गिगावॉट ठरवली, त्यातला 142 गिगावॉटचा वाटा एकट्या राजस्थानचा होता. फलोदीजवळच्या भडला इथे सुमारे 14 हजार एकरांवर 2,245 मेगावॉटचे सौरउद्यान उभे आहे. मे 2017 मध्ये तिथल्या एका लिलावात युनिटला 2 रुपये 44 पैसे असा दर लागला आणि सूर्याची वीज कोळशाच्या विजेहून स्वस्त पडू शकते, हे देशाला कळले. याच राज्यात भूजलाचा उपसा वार्षिक उपलब्धतेच्या दीडपटीच्या आसपास आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मोजणीत राजस्थानच्या सुमारे 300 गटांपैकी (ब्लॉक) 200 हून अधिक अतिशोषित निघतात. ऊन अमाप आणि पाणी मोजके, तेव्हा अमाप असलेल्या उन्हाने मोजके पाणी वर काढावे, हा विचार कोणालाही सुचेल. सरकारी योजनांचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. मला तो विचार घातक वाटतो. कोरड्या प्रदेशात उन्हाचा खरा उपयोग शेतकऱ्याला पाण्याशिवायचे उत्पन्न मिळवून देण्याचा आहे. पाणी उपसायला ते जितके स्वस्तात जुंपले जाईल, तितका त्या प्रदेशाचा शेवट जवळ येईल.

आधी एका शंकेचा निकाल लावू, कारण ती वारंवार येते आणि तिच्यात फारसे तथ्य नाही. सौर पॅनेल धुवायला पाणी लागते, वाळवंटात धूळ रोजची, तेव्हा ही उद्यानेच पाणी पिऊन टाकतील, असे म्हटले जाते. हिशेब करून पाहावा. एका मेगावॉटला तीनेक हजार पॅनेल धरले आणि प्रत्येकाला दोन लिटर, तर एका धुण्याला 6 हजार लिटर लागतात. महिन्यातून दोनदा धुतले तर वर्षाला दीड लाख लिटर. संपूर्ण भडलाला या हिशेबाने वर्षाला 34 कोटी लिटरच्या आसपास पाणी लागेल. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण गव्हाच्या एका हेक्टरला हंगामात 45 लाख लिटर पाणी लागते. म्हणजे 5,700 हेक्टरांवरच्या सबंध उद्यानाचे धुणे 75 हेक्टर गव्हाच्या पाण्यात भागते. आता तर तिथे पाण्याविना चालणारे ब्रश रात्री पॅनेलवरून फिरतात. तेवढीच वीज कोळशापासून करायची तर 2015 च्या केंद्रीय मर्यादेनुसार, म्हणजे मेगावॉट-तासाला साडेतीन हजार लिटर धरून, 1,300 कोटी लिटरहून जास्त पाणी लागेल. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. परळीचे औष्णिक केंद्र फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, यंत्रे होती, थंड करायला पाणी नव्हते. दुष्काळी मुलखात वीज करायचीच असेल तर उन्हावर करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खरा प्रश्न शेतातल्या पंपाचा आहे. विहिरीतून किती पाणी काढायचे, हे शेतकरी आजवर तीन गोष्टींनी ठरवत आला : डिझेलचा भाव, विजेचे तास आणि रात्री उठून मोटर चालू करण्याचा त्रास. तिन्ही जाचक होत्या. रात्रीच्या लाईटने साप-विंचवाच्या धोक्यात माणसे शेतावर पाठवली, त्या व्यवस्थेचे कोणी समर्थन करू नये. पण याच जाचाने नकळत उपशाला लगाम घातला होता, हेही खरे. सौरपंप आला की तिन्ही लगाम एका दिवसात सुटतात. पॅनेल बसवण्याचा खर्च एकदाच, तोही बहुतांश अनुदानातून. त्यानंतर पुढचा लिटर फुकट. ऊन आहे तोवर पंप चालतो आणि थरच्या वाळवंटात ऊन वर्षातले तीनशे दिवस असते. जो लिटर काढायला काहीच पडत नाही, तो जमिनीत ठेवावा असे शेतकऱ्याला का वाटावे? त्याने नाही काढला तर शेजारी काढणार आहे. खालचे पाणी एकच. यात शेतकऱ्याची हाव शोधणे अन्यायाचे होईल. कोणताही समंजस माणूस त्याच्या जागी हेच करील.

पाणी स्वस्त झाले की पीक बदलते, हा धडा याच वाळवंटाने एकदा दिला आहे. 1958 मध्ये सुरू झालेला आणि पुढे इंदिरा गांधी यांचे नाव मिळालेला कालवा सतलज-बियासचे पाणी हरिकेपासून साडेसहाशे किलोमीटर आणून मोहनगडापर्यंत पोहोचवतो. कमी पाण्याची पिके, गवताची कुरणे आणि जास्तीत जास्त जमिनीला थोडे थोडे पाणी, असा मूळ विचार होता. वरच्या टोकाला पाणी मुबलक मिळताच कापूस, गहू, भुईमूग आले. हनुमानगड-गंगानगर भागात जमिनी पाणथळ आणि खारट झाल्या. तिथले लोक या रोगाला 'सेम' म्हणतात. शेपटाकडच्या गावांना मात्र पाण्याच्या पाळीसाठी आंदोलने करावी लागली. तिथे निदान कालव्याला दार होते आणि ते बंद करता येत होते. लाखो शेतांत सुटे सुटे बसवलेल्या सौरपंपांना दार नाही.

राजस्थान सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. 2010 नंतर तिथे सौरपंपांना मोठे अनुदान सुरू झाले, तेव्हा शेतात डिग्गी, म्हणजे शेततळे, आणि ठिबक असण्याची अट होती. 2019 च्या पीएम-कुसुम योजनेतही अतिशोषित क्षेत्रात नवा सौरपंप द्यायचा नाही. फक्त असलेला डिझेल पंप बदलून द्यायचा आणि तोही सूक्ष्म सिंचन असेल तरच, असा नियम आहे. मग भीती कसली, असे कोणी विचारेल. भीती त्या नियमाच्या पोटातच आहे. अतिशोषित गटात डिझेल पंप चालवणारा शेतकरी लिटरमागे रोख पैसे मोजत होता. त्याचा पंप सौर झाला की पंपांची संख्या तेवढीच राहते, पण प्रत्येक पंपाचे चालण्याचे तास वाढतात. नियम पंप मोजतो, जमिनीला तास मोजावे लागतात. ठिबकचेही तसेच आहे. ठिबकने एकराला लागणारे पाणी कमी होते. वाचलेल्या पाण्यात शेतकरी दुसरा एकर भिजवतो. त्याचे उत्पन्न वाढते ही चांगली गोष्ट आहे, पण त्याने भूजल वाचले असे म्हणता येत नाही.

याला उत्तर शोधणारा प्रयोग गुजरातेत झाला. खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी नोंदवली. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे तुषार शाह आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. पंपाला लागेल तेवढी वीज वापरायची, उरलेली वीज कंपनीला विकायची. कंपनी युनिटला 4 रुपये 63 पैसे देणार आणि वर संस्थेकडून हरित वीज व पाणीबचत यांसाठी प्रत्येकी सव्वा रुपया बोनस. सूर्य हेच पीक धरायचे, असा त्यामागचा विचार. 2018 मध्ये गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजनेत पहिली सात वर्षे 7 रुपये आणि पुढे साडेतीन रुपये असा दर देऊन तोच विचार थोडा मोठा करून पाहिला.

या विचाराचे बळ कुठे आहे, ते आकड्यांत उतरवले की नीट दिसते. हजार लिटर पाणी 100 मीटर वर खेचायला, मोटर आणि पाइपातली गळती धरून, सुमारे 0.7 युनिट वीज लागते. सुटा सौरपंप असेल तर या विजेला बाजारात किंमत नाही, म्हणून पाण्यालाही नाही. तीच वीज साडेतीन रुपयांना विकता येत असेल तर हजार लिटर पाण्यावर अडीच रुपये सोडावे लागतात. गव्हाच्या हेक्टरभर शेताला मग 11 हजार रुपयांची वीज जाते. पाणी 200 मीटरवर गेले असेल तर 22 हजारांची. गव्हाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता. हेक्टरी पस्तीस-चाळीस क्विंटल उतारा धरला तरी त्यातून बी, खत, मजुरी वजा जाऊन जे उरते, त्यापुढे 22 हजार ही विचार करायला लावणारी रक्कम आहे. जिऱ्यासारख्या कमी पाण्याच्या आणि चांगल्या भावाच्या पिकाला मात्र ही झळ किरकोळ बसते. म्हणजे विजेचा खरेदीदर आपोआप गव्हाला महाग करतो आणि जिऱ्याला मोकळे सोडतो. पातळी जितकी खोल, तितका त्याचा इशारा तीव्र होतो. कोणत्याही अधिकाऱ्याला शेतात जाऊन पीक बदला असे सांगावे लागत नाही. पाच अश्वशक्तीच्या पंपाबरोबरची पॅनेल वर्षाला 8 हजार युनिट देतात. पाऊस हुकलेल्या वर्षी पेरणीच केली नाही तरी साडेतीन रुपयांनी 28 हजार रुपये घरात येतात. थरमध्ये पाऊस हुकणे हे अपघाताने घडत नाही, ते तिथल्या हवामानाचा भाग आहे. त्या वर्षीही टिकणारे पीक ही तिथली मोठी गरज आहे.

यावरचे आक्षेप वजनदार आहेत. पहिला असा की ढुंडी वाळवंटात नाही. खेडा जिल्ह्यात पाणी मुबलक, तिथल्या शेतकऱ्यांनी वीज विकली तशी शेजाऱ्यांना पाणीही विकले. हे खरे आहे आणि त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : पाणी विकून विजेपेक्षा जास्त मिळत असेल तर शेतकरी पाणीच विकणार. म्हणून केवळ दर पुरेसा नाही, फीडरवरच्या पंपांच्या एकूण उपशावर गावाने मान्य केलेली मर्यादाही हवी आणि मीटर हवा. विजेचा मीटर बसला की पातळीच्या खोलीवरून पाण्याचा अंदाज सहज निघतो, हा पंप ग्रिडला जोडण्याचा दुसरा लाभ. सुट्या पंपात तोही नाही. दुसरा आक्षेप वीज कंपन्यांच्या तिजोरीचा. लिलावात अडीच रुपयांना मिळणारी वीज शेतकऱ्याकडून साडेतीनला का घ्यावी? कारण त्याच शेतकऱ्याला आज रोहित्रापर्यंत वीज पोहोचवून ती जवळपास फुकट दिली जाते. तो आपली वीज आपण करू लागला की ते अनुदान वाचते. त्या बचतीतला भाग त्याला न उपसलेल्या पाण्याबद्दल देणे ही मेहेरबानी नव्हे. तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. दुपारी बारा वाजता ग्रिडला आणखी सौरवीज नकोच आहे. पारेषण वाहिन्या अपुऱ्या असल्याने राजस्थानातल्या मोठ्या प्रकल्पांनाही दुपारचे उत्पादन कमी करावे लागते. यावर आजचे उत्तर अपुरे आहे. फीडरवरच वीज वापरली जाईल असे शीतगृह, तेलघाणी, पिठाची गिरणी, बॅटरी यांची सोय करत जावे लागेल आणि त्याला वेळ लागेल. पण ग्रिडला दुपारी वीज नको, म्हणून ती जमिनीतले पाणी उपसण्यात जिरवावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

समुद्राचे पाणी किंवा खारे भूजल सौरऊर्जेने गोडे करून घ्यावे, असेही सुचवले जाते. पिण्यासाठी जरूर करावे. जलजीवन मिशनच्या माणशी रोज 55 लिटर या मापाने एका माणसाला वर्षाला 20 हजार लिटर लागतात आणि मचूळ पाण्याला हजार लिटरमागे एक-दोन युनिट पुरतात. बाडमेर-नागौरच्या फ्लोराइडने वाकलेल्या हाडांच्या गावांना हे वरदान ठरेल. पण गव्हाच्या एका हेक्टरात सव्वादोनशे माणसांचे वर्षाचे पाणी जिरते. गोडे केलेल्या पाण्यावर गहू पिकवण्याचे स्वप्न कोणी पाहू नये.

मारवाडात पाणी तीन प्रकारे मोजतात : पावसाचे ते पालर, वाळूच्या ओलीत धरलेले ते रेजाणी आणि खोल विहिरीचे ते पाताळ. पाताळपाणी संकटकाळासाठी, रोजचे जगणे पालरपाण्यावर, ही तिथली शतकांची शिस्त. टाक्याभोवती जमीन चोपून स्वच्छ राखलेले पाणलोट, म्हणजे आगोर, त्यासाठीच असे. सौर पॅनेलची काच हे या भूमीला मिळालेले सर्वांत मोठे नवे आगोर आहे आणि आपण त्यावरचे पाणी वाळूत सांडू देतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्कक्षेत्र संशोधन संस्थेने एका एकरावर 105 किलोवॉटची पॅनेल उभारून, रांगांमध्ये मूग-मटकी आणि रब्बीत इसबगोल-जिरे घेऊन, पॅनेलच्या खालच्या कडेला पन्हळ लावून पाणी टाक्यात धरले आहे. साडेपाचशे चौरस मीटर काच आणि 350 मिलिमीटर पाऊस म्हणजे गळती सोडून दीड लाख लिटर. एकराला 40 मिलिमीटरची एक पाळी. कोरडवाहू पिकाला नेमक्या वेळी मिळालेली एक पाळी म्हणजे कधीकधी सगळे पीक. हाच हिशेब भडलाला लावला, एका मेगावॉटला साडेपाच हजार चौरस मीटर काच आणि 200 मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला 240 कोटी लिटरहून अधिक पाणी काचेवर पडते. निम्मे वाया गेले तरी पॅनेल धुण्याच्या पाण्याच्या ते साडेतीन पट भरते. पन्हळ आणि टाकी यांचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात दिसणारही नाही. निविदेत ही अट का नसावी, याचे पटण्यासारखे कारण मला सापडत नाही.

उलट आज घडते आहे ते असे की पॅनेलसाठी म्हणून दिलेली जमीन कागदावर पडीक असते आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी नाडीचे, म्हणजे गावतळ्याचे, आगोर किंवा देवाच्या नावाने राखलेले ओरण असते. आपल्याकडच्या देवराईसारख्या या ओरणांत खेजडीची (शमीची) झाडे उभी असतात, गुरे चरतात, गावतळ्याकडे पाणी वाहत जाते. जैसलमेरच्या देगराय ओरणासाठी गावकऱ्यांना लढावे लागले. वीजतारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला म्हणून देशाला कळला. आगोराला पंख नाहीत. जमीन सपाट करून कुंपण घातले की तळ्याकडे येणारा ओघळ तुटतो आणि ते गाव टँकरवर किंवा बोअरवर जाते. म्हणजे पालरपाणी गेले की पाताळपाण्यावरचा भार वाढतो. सौरऊर्जेला विरोध म्हणून मी हे लिहीत नाही. 142 गिगावॉटसाठी लागणारी जमीन थरमध्ये ओरणे आणि आगोरे वगळूनही आहे. ती आधी नकाशावर खुणावून वगळली पाहिजेत, एवढेच.

महाराष्ट्रात ही चर्चा दूरची मानू नये. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे आणि पंपाचे आकारमान जमिनीवरून ठरते : अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. पाण्याचा स्रोत शाश्वत आहे की नाही हे महावितरणने पाहायचे आहे आणि जलसंधारणाच्या कामातल्या साठ्यातून उपसा करायला मनाई आहे, हे चांगलेच. पण एका विहिरीला पाणी आहे का, हे पाहून त्या गावाच्या खडकात किती पाणी आहे, ते कळत नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्टचा आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जे मुरते तेवढेच पाणी. असा खडक लवकर रिकामा होतो म्हणून उपशाला आपोआप मर्यादा पडते, असा युक्तिवाद केला जातो. मर्यादा पडते, पण ती जानेवारी-फेब्रुवारीत पडते आणि तिचा फटका पहिल्यांदा गावाच्या पिण्याच्या विहिरीला बसतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याआधीच्या हंगामांत त्याच टापूत ऊस उभा होता. राज्याच्या भूजल उपशाची सरासरी 50-55 टक्क्यांच्या आसपास दिसते, तिने कोणी निर्धास्त होऊ नये. मराठवाड्यातल्या एखाद्या पाणलोटाची कोरड सरासरीत लपून जाते.

आपल्याकडे दुसरी वाटही उपलब्ध आहे, ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. यात गावाजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते, जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळते. रात्रीचा जाच जातो आणि तासांवरचे नियंत्रण राहते. पाण्याचा ताण असलेल्या तालुक्यांत सुट्या पंपाऐवजी हीच वाट घ्यावी, आणि तिला ढुंडीची जोड द्यावी, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला उरलेल्या युनिटांचे पैसे मिळावेत. ज्याच्या शेतापर्यंत वीज पोहोचणेच अवघड आहे, त्या डोंगरकपारीतल्या शेतकऱ्याला सुटा पंप जरूर द्यावा. त्याचा सिंचनाचा हक्क आधी बागायत झालेल्यांपेक्षा कमी नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कित्येक दशके विहिरींच्या पातळ्या मोजते आहे. त्या नोंदींवरून पाणलोटनिहाय पंपांची आणि अश्वशक्तीची कमाल संख्या काढता येते, आणि अर्ज मंजूर करणाऱ्या संगणकावर सातबाऱ्याशेजारी ती संख्या दिसू शकते. यासाठी नवा कायदाही लागत नाही. दोन खात्यांच्या नोंदी एकत्र आणायच्या आहेत, आणि पुढच्या टप्प्याचे पंप मंजूर होण्याआधी आणायच्या आहेत. एकदा पॅनेल बसले की ते पंचवीस वर्षे चालते.